पोट, पाऊस, पाहुणे

आमचे घरमालक गुरुजी कुणाच्या आजारपणात भेटायला गेले, की त्या घरातल्या बायका रडायला लागायच्या. यात माझी एका अक्षराचीही भर नाही. परभणीत त्या काळी एखादा म्हातारा वकील, वैद्य, कीर्तनकार, नाहीतर निवृत्त हेडमास्तर अंथरुणाला खिळला आणि दारात गुरुजींची छत्री दिसली, म्हणजे घरच्यांनी काय ते समजून जायचं. डॉक्टर काय म्हणतोय हे मग कोणी विचारत नसे.

कारण गुरुजींना रोग्याशी काही देणंघेणं नसायचं. त्यांना त्याचा रोजनामचा पाहिजे असायचा. रोजनामचा म्हणजे डायरी. गुरुजी निजामाच्या शाळेत उर्दूतून शिकलेले आणि पुढं तिथंच फारसी शिकवलेले; डायरी हा शब्द त्यांच्या तोंडी मी कधी ऐकला नाही. शिकल्यासवरल्या माणसानं रोज लिहिलेलं, कुणाला दाखवण्यासाठी नसलेलं असं जे काही जिल्ह्यात असेल, ते आपल्या घरी आलं पाहिजे असा त्यांचा हट्ट. माणूस गेल्यावर लोक सांत्वनाला जातात, गुरुजी पिशवी घेऊन जायचे. "लय वाईट झालं," एवढं कसंबसं म्हणायचे आणि त्याच दमात विचारायचे, "रोजनामचा ठेवत होते का?"

एका वैद्यबुवांनी तर त्यांना पायरीवरूनच हाकललं. वैद्यबुवांना नुसता हिवताप झाला होता. गुरुजी पिशवी सावरत पायऱ्या चढायला लागले तसे ते आतून ओरडले, "अरे, त्याला आत घेऊ नका! मी अजून जिता आहे!" गुरुजी जरासुद्धा ओशाळले नाहीत. खालूनच म्हणाले, "अजी, तुम्हाला उदंड आयुष्य लाभो. मी फक्त विचारायला आलो. लिहिता ना रोज?" वैद्यबुवा बरे झाले, आणि पुढं गुरुजी बाजारात दिसले की मुद्दाम थांबून त्यांच्यापुढं स्वतःचं मनगट धरायचे. बघा म्हणायचे, नाडी चालू आहे.

मला खोली पाहिजे होती म्हणून मी या माणसाच्या दारात गेले. सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. मुलींच्या शाळेत इतिहास शिकवायची नोकरी लागली होती आणि राहायला जागा मिळत नव्हती. परभणीत खोली बघायला गेलं की घरमालकीण आधी चहा विचारायची, मग आडनाव विचारायची, आणि आडनाव ऐकलं की चहा यायचाच नाही. असा न आलेला चहा मी बऱ्याच घरी प्यायले होते. त्यामुळं गुरुजींच्या ओट्यावर चढले तेव्हा माझं डोकं आधीच फिरलेलं होतं. बसायच्या आधीच सांगून टाकलं, "आम्ही बौद्ध. छप्पन्न सालापासून. अडचण असेल तर आत्ताच सांगा, मला उन्हाचं परत जायचंय."

गुरुजींनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "ते असू द्या हो बाई. तुमच्या घरात कुणी रोजनामचा ठेवत होतं का?"

"आमच्या घरात लिहायला येणारी पहिली मीच."

"वडील? चुलते? आजोबा?"

"सगळे अंगठे."

"च्च, च्च!" ते इतके हळहळले की मला वाटलं, ही खोलीही गेली. "म्हणजे पिढ्याच्या पिढ्या कोऱ्या! केवढं नुकसान! आणि तुम्ही? तुम्ही लिहिता?"

"नाही बुवा. काय लिहायचं त्यात? सकाळी शाळा, संध्याकाळी स्वयंपाक."

"तेच!" गुरुजींनी मांडीवर थाप मारली. "तेच तर पाहिजे असतं!"

काकू आतून चहा घेऊन आल्या. कपात, बशीसकट, त्यांच्या कपांसारख्याच कपात. गुरुजी उठून एक कोरी वही घेऊन आले आणि माझ्या हातात दिली. खोलीची किल्ली त्यानंतर मिळाली. वहीत मात्र मी कित्येक दिवस ओळ लिहिली नाही, आणि ते दर आठवड्याला विचारायचे, "सुरू केलं का?"

माझ्या खोलीच्या एका भिंतीला वरपासून खालपर्यंत रोजनामचेच होते. त्यांना हात लावायचा नाही, एवढीच अट. उन्हाळ्यात त्यांना वाळवी लागू नये म्हणून अंगणात ऊन द्यायचं काम निघायचं. नेमक्या त्याच दिवसांत काकूंच्या कुरडया. बाज एकच. मग अर्ध्या बाजेवर कुरडया आणि अर्ध्या बाजेवर जिल्ह्यातले मेलेले पंडित असे दिवसभर वाळत पडायचे. काकू कावळे हाकलायच्या आणि तोंडानं चालू असायचं, "जिते होते तवा आपल्या घरात मावत होते. मेल्यावर सगळे माझ्याच बाजेवर!"

काकूंचं बोलणं गुरुजींच्या कानावर पडायचं, आत जायचं नाही. त्यांचं डोकं दुसऱ्याच काळात असायचं. निजामाचं राज्य जाऊन जमाना झाला, तरी त्यांच्या घरात आजूर, दै, बहमन असे निजामी फसली सालाचे महिने चालू होते. मी म्हणायचे, एक तारखेला पगार झाला. ते म्हणायचे, "म्हणजे बहमनची किती?" आणि बोटांवर मोजायला बसायचे. एकदा मी वैतागून म्हणाले, "गुरुजी, सरकार बदललं आता."

"सरकार बदललं. जुन्या पानांवरच्या तारखा बदलल्या का? मग मला त्या तोंडपाठ पाहिजेत."

मी इतिहासाची शिक्षिका. पुस्तकात होतं ते शिकवायचे. राजा आला, राजा गेला, त्याच्या कारभाराचे गुणदोष सांगा. हे गुरुजींना कळलं तेव्हा त्यांना माझी कीव आली असावी, कारण संध्याकाळी चहाला ओट्यावर बसवून त्यांनी माझी वेगळीच शाळा सुरू केली. ते म्हणायचे, "ग्रंथात विद्वान कसा बसलेला असतो, बाई? अंगरखा घालून, डोक्याला रुमाल बांधून. रोजनामच्यात तो पंच्यावर सापडतो. ग्रंथ लिहिताना त्याला ठाऊक असतं की लोक वाचणार आहेत. रोजनामचा लिहिताना त्या बिचाऱ्याला उद्या काय होणार तेसुद्धा ठाऊक नसतं. ज्याला उद्याचं ठाऊक नाही, त्याची आजची गवाही पक्की."

"आणि तो रोजनामच्यातही खोटं लिहीत असला तर?" मी विचारायचे.

हा प्रश्न त्यांना फार आवडायचा. कारण त्यावर त्यांच्याकडं औषध होतं. कुठलाही नवा रोजनामचा हातात आला की ते विचार, तत्त्वज्ञान, देशकार्य वगैरे पानं सरळ उलटून टाकायचे आणि आधी तीन गोष्टी शोधायचे. पोट, पाऊस आणि पाहुणे. ज्याचं पोट वर्षभरात एकदाही बिघडलं नाही, त्यानं रोजनामचा लिहिलेला नाही, स्वतःचं चरित्र लिहिलंय, असं त्यांचं ठाम मत. पाऊस पाहिजे, कारण पावसाचा ताळा दुसऱ्या गावच्या रोजनामच्याशी घालता येतो. पालमच्या एका पंडिताच्या आणि चुडाव्याच्या एका मौलवीच्या रोजनामच्यात एकाच दिवशी गारा पडलेल्या सापडल्या, तेव्हा गुरुजी दिवसभर घरातलं लग्न जमल्यासारखे हिंडत होते. ती दोन माणसं आयुष्यात एकमेकांना भेटलीही नसतील. पण गारा दोघांनीही बोराएवढ्या लिहिल्या होत्या, आणि पंडितानं वर लिहिलं होतं की बायको गारा वेचायला अंगणात पळाली, तिला रागावलो, मग मीही दोन खाल्ल्या.

"आता सांगा," गुरुजी म्हणाले, "हे तुमच्या कुठल्या पुस्तकात आहे?"

पाहुण्यांवर तर त्यांचा सर्वांत जास्त भरवसा. गावातल्या एका बड्या वकिलांचे रोजनामचे त्यांच्या मुलानं मोठ्या दिमाखात आणून दिले. चामडी पुठ्ठे, सुवाच्य अक्षर, पानापानावर देशाची चिंता. वडिलांच्या नावानं गौरवग्रंथ निघणार होता आणि गुरुजींनी त्यात चार शब्द लिहावेत अशी इच्छा होती. गुरुजींनी दोन दिवस वाचून गठ्ठा परत केला. म्हणाले, "सबंध वर्षात यांच्याकडं एकही नकोसा पाहुणा आला नाही. परभणीत? वकिलाकडं? तौबा, तौबा! हे म्हातारपणी एका बैठकीत लिहिलंय." तो मुलगा पुढं आमच्या घरावरून जाताना मान वळवून जायचा.

आणि एक नियम होता. वाचताना गाळायचं नाही. संध्याकाळी ते मला मोठ्यानं वाचून दाखवायचे, त्यात जे असेल ते यायचं. एखाद्या शास्त्र्याची मूळव्याध, एखाद्या मास्तरचं बायकोशी भांडण, शेजाऱ्याला मनातल्या मनात घातलेल्या शिव्या. काकू आतून भांडी आपटायच्या. गुरुजी म्हणायचे, "आपण एक शब्द गाळला की आपण लेखक झालो. आपण वाचणारे आहोत. मेलेल्या माणसाला मध्येच थांबवू नये." मला हसू यायचं, आणि खरं सांगायचं तर हळूहळू गोडीही लागायला लागली होती. चहा संपला तरी मी उठत नसे.

त्याच दिवसांत गावाकडं आमचं एक प्रकरण पेटलं. माझं गाव बोरीच्या पुढं, बोरीला एसटी सोडून चालत जावं लागायचं. गावात ओढ्याकाठी एक मोठी चिंच, आणि तिच्याखालची जागा आमच्या लोकांची. माझ्या जन्माच्या आधी, निजामाच्या काळात, गिरदावर म्हणजे जमीन मोजणारा अंमलदार आला आणि त्यानं ती आम्हाला मोजून दिली, असं आमचे म्हातारे सांगायचे. पुढं तिथं पत्र्याचं छोटं विहार झालं. आत बुद्धाची तसबीर, बाहेर झाडलेली जमीन. माणसं ऊसतोडीला गेली की मागं राहिलेली पोरं दिवसभर तिथंच असायची. मी मॅट्रिकचा अभ्यास तिथं बसून केला. आता गावच्या सरपंचांना नेमकी तीच जागा सोसायटीच्या गोदामाला पाहिजे होती. म्हणाले, कागद दाखवा. कागद कुठला? पोलीस अ‍ॅक्शनच्या धामधुमीत गावचं दफ्तर जळालेलं. जुना पटवारी जिता होता, पण तो म्हणायचा, "मला काई आठवत न्हाई." आमच्या म्हाताऱ्यांनी शपथेवर सांगितलं, तर सरपंच म्हणाले, "तुमची माणसं तुमच्याच बाजूनं बोलणार की!"

माझे वडील, आबा, या कामासाठी परभणीला खेटे घालत होते. माझ्या खोलीवर उतरायचे. एकदा मला म्हणाले, "बाई, तू शिकलीस ती त्या पत्र्याखाली. ते पाडलं तर मला गावात तोंड दाखवायला जागा ऱ्हायली न्हाई." आबांना शिकलेल्या लेकीला 'बाई' म्हणायची हौस होती. मी पण हरले होते. काय सांगणार त्यांना? इतिहासाची शिक्षिका मी, आणि माझ्याच वस्तीच्या इतिहासाचा एक चिटोरा माझ्याकडं नव्हता.

आणि मग ती संध्याकाळ आली. गुरुजींना कुठल्याशा शास्त्र्यांचे रोजनामचे पोत्यानं मिळाले होते. शास्त्री धर्मशास्त्रातले मोठे गृहस्थ, संस्कृतात त्यांचा एक ग्रंथ होता. मुलगा घर विकून हैदराबादला निघाला म्हणून त्यानं पोतं गुरुजींच्या दारात टाकलं. सगळं मोडी लिपीत. गुरुजी भलतेच खुशीत होते, कारण शास्त्रीबुवांचं पोट जन्मभर बिघडलेलं. चहाचा घोट घेऊन त्यांनी पान उघडलं आणि वाचायला सुरुवात केली:

"आज गिरदावर आला. ओढ्याकाठची चिंचेखालची जागा माजलेल्या महारड्यांना मोजून दिली. चारी कोपऱ्यांस दगड रोविले. पाटील मान खाली घालून उभा. पटवारी दात काढीत उभा. एक उंच पोरगा डोईस पटका बांधून माझ्या अंगावरून गेला, वाकला नाही. कलियुग, दुसरे काय. घरी येऊन सचैल स्नान. पोटात गुडगुड, रात्री नुसते ताक. पाऊस नाही. सासुरवाडीचे पाहुणे अजून हलत नाहीत."

काकू ओल्या हातानं बाहेर आल्या. "अहो, काय वाचताय? कुणासमोर वाचताय?"

गुरुजींनी वर बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. त्यांचा चेहरा असा पडला की बघवेना.  "बाई... माफ करा... माझा नियम... मी ध्यानातच..."

मला त्या शब्दाचं काही वाटलंच नाही, असं म्हणणार नाही. कानाखाली बसावी तसा बसला तो. पण त्याच्या मागोमाग ओढा होता, चिंच होती, गिरदावर होता. मी ओरडलेच, "गुरुजी, हे शास्त्री कुठले?"

त्यांनी गावाचं नाव सांगितलं. माझंच गाव.

पुढचा सगळा वेळ आम्ही तिघंही एकदम बोलत होतो. गुरुजी हर्षानं उड्या मारायचे तेवढे बाकी होते. "दुश्मनाची गवाही! बाई, याच्यापेक्षा पक्की गवाही दुनियेत नाही. यांना तुम्हाला जागा मिळालेली नको होती. यांनी तुमच्या भल्यासाठी एक अक्षर लिहिलं नसतं!" काकू मात्र एकच धरून बसल्या होत्या. आबांच्या अर्जावर गावात चौकशी लागली, त्या दिवशी गुरुजी निघाले तेव्हा रोजनामचा स्वतःच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून देताना त्यांनी बजावलं, "तिथं चारचौघांत, त्या लोकांच्या तोंडावर, तो शब्द काढाल तर बघा. त्यांची लेक आपल्या घरात राहते. लाज ठेवा."

चौकशीला जिंतूरहून नायब तहसीलदार आले होते. घाटावरचे तरुण गृहस्थ, बोलायला कमी. चावडीपुढं टेबल मांडलं. एका बाजूला सरपंच आणि त्यांच्या शेजारी तो म्हातारा पटवारी, दुसऱ्या बाजूला आमची माणसं. आबा पुढं उभे. मी गुरुजींनी दिलेली ती कोरी वही घेऊन बसले होते. काय बोलणं होतंय ते टिपून घ्यावं म्हणून, पण शेवटपर्यंत तीत एक ओळ उतरली नाही.

सरपंचांनी गुरुजींना बघून हात जोडले. "गुरुजी, तुमी बामण असून ह्यांच्या बाजूनं कसं काय?"

"मी कुणाच्या बाजूनं नाही. मी पानाच्या बाजूनं."

तहसीलदारांनी मोडी अक्षर खालीवर बघितलं आणि हसून मान हलवली. "मला हे येत नाही. वाचा तुम्ही."

गुरुजींनी चष्मा पुसला. समोर आमची सगळी वस्ती जमिनीवर बसलेली. म्हाताऱ्या बाया, कडेवर पोरं. गुरुजी त्यांच्याकडं बघत राहिले आणि मग वाचायला लागले. "आज गिरदावर आला. ओढ्याकाठची चिंचेखालची जागा..." ते थांबले.  "...लोकांना मोजून दिली."

मी मान वर केली. आयुष्यात गुरुजींनी पहिल्यांदा शब्द गाळला होता.

सरपंच म्हणजे लय चलाख माणूस. जागचे उठलेच. "ऐकलं का साहेब? लोकांना! लोकांना म्हंजे गावाला! गावाची जागा हाय म्हणून तर आमी गोदाम बांधायलोत. मिटलं की!"

सगळीकडं एकच कालवा उठला. आमच्या बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. तहसीलदारांनी विचारलं, "गुरुजी, 'लोकांना' असंच लिहिलंय?" गुरुजी नुसते पान खालीवर करायला लागले. घाम मानेवरून सदऱ्यात उतरत होता. मला वाटलं, संपलं. याच्या सभ्यपणानं आमची जागा घालवली. इतका राग आला मला त्यांचा, आणि काकूंचाही, आणि तरी तो पुरता धरता येईना, कारण आमची लाज राखायला म्हणून आजवर कोणी काही गाळलेलं मी बघितलं नव्हतं.

तेवढ्यात आबा दोन पावलं पुढं आले. "गुरुजी, जे लिवलंय ते वाचा. गाळू नका."

"अहो, पण..."

"वाचा म्हणलं ना. लिवणाऱ्याला लाज वाटली न्हाई, तुमाला का वाटायली? मोठ्यानं वाचा."

गुरुजींनी वाचलं. सगळं, त्या शब्दासकट.  वस्तीतली एक म्हातारी पुटपुटली, "शास्त्रीच हाय. ह्येच म्हणायचा."

पण सरपंच ऐकतात होय! "साहेब, आता मनानं घालायलेत! मगाशी एक वाचलं, आता दुसरंच!" आणि खरंच, तहसीलदारांच्या कपाळाला आठी पडली. साक्षीदारानं दोनदा वेगळं वाचलं, आता त्यावर विश्वास कोण ठेवणार? गुरुजी क्षणभर गोंधळले. मग उठले, टेबलाला वळसा घालून सरळ सरपंचांच्या शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या पटवाऱ्यापुढं गेले आणि रोजनामचा त्याच्या मांडीवर ठेवला.

"मोडी तुमची जन्माची. तुम्हीच वाचा."

पटवाऱ्यानं सरपंचांकडं बघितलं, तहसीलदारांकडं बघितलं. पण जन्मभर दफ्तर वाचलेला माणूस, समोर पान आल्यावर डोळे थांबेनात. बोट ठेवून तो खणखणीत आवाजात वाचत गेला. तो शब्द त्यानं जराही न अडखळता वाचला, रोजचाच असल्यासारखा. दगड रोविले. पाटील मान खाली घालून उभा. आणि तिथं त्याचं बोट थांबलं.

"पुढं वाचा," तहसीलदार म्हणाले.

"पुढं काई विशेष न्हाई साहेब."

"असू द्या. वाचा."

पटवाऱ्यानं बोट पुढं सरकवलं. "पटवारी... दात काढीत उभा."

आमच्या बाजूनं जे हसू फुटलं, ते आवरेचना. आबा म्हणाले, "आता आठवलं का, पटवारी?" सरपंचांची माणसंसुद्धा मागं तोंड फिरवून हसत होती. पटवाऱ्यानं पुढचं सगळं मान खाली घालून वाचलं, पोट, पाऊस आणि सासुरवाडीचे पाहुणे.

तहसीलदारांनी एकच विचारलं. "गुरुजी, हे नंतर कुणी रचून लिहिलेलं नाही कशावरून?"

"साहेब, रचणारा माणूस सासुरवाडीच्या पाहुण्यांवर कशाला शाई घालवील?"

तहसीलदार पहिल्यांदा मोकळे हसले. मग त्यांनी कोतवालाला कुदळ घेऊन चिंचेकडं पाठवलं, आणि आम्ही सगळे मागोमाग. कोपऱ्यांवर माती उकरली तसे दगड निघाले. एक तर चिंचेच्या मुळानं अर्धा गिळला होता. तहसीलदारांनी तिथंच सांगितलं की या पानाची नक्कल प्रकरणाला लागेल आणि या जागेला कुणी हात लावायचा नाही. तो पत्रा पुढं कधी हलला नाही. आता तिथं पक्की इमारत आहे.

दुपारी गुरुजी आमच्याकडं जेवायला बसले. आईनं भाकरी आणि अंबाडीची भाजी वाढली. पण त्यांचा घास उतरेना. सारखे म्हणत होते, "मी गाळलं. बाई, मी शब्द गाळला. तुमची जागा जात होती माझ्यापायी."

आबा म्हणाले, "जाऊ द्या वो गुरुजी. तो शब्द आमी जन्मभर फुकट ऐकला. आज पयल्यांदा कामाला आला." आणि मग खाली बघत, "तो पटकेवाला पोरगा मीच व्हतो."

मला हे ठाऊक नव्हतं. आईलाही नसावं, तिचा हात परातीतच थांबला. गुरुजींनी तर ताटावरून उठून आबांचे दोन्ही हात धरले, खरकट्या हातानं. "म्हणजे तुम्ही शास्त्रीबुवांच्या रोजनामच्यात आहात! अजी, तुम्ही इतिहासात आहात!"

"त्याच्या हातानं," आबा म्हणाले. "त्याला दिसलो तेवढाच." मग माझ्याकडं वळले. "ती वही कोरीच हाय न्हवं? घे. मी सांगतो तसं लिही."

मी पेन काढलं. आबा भिंतीला टेकून बसले आणि गुरुजींकडं बघत बघत सांगायला लागले. "पोट ठीक. पाऊस न्हाई. पाव्हणे, गुरुजी." गुरुजी घास विसरून ऐकत होते. "आन लिही, गाळू नका म्हणलो तवा माझे पाय लटलट कापायलते."

"आबा, हे कशाला?"

"न्हाई तर हे म्हणतेल, खोटा रोजनामचा." आबा हसले, आणि मग हसायचे थांबले. "आन त्या दिशी बी कापायलते. शास्त्र्याच्या म्होरून गेलो त्या दिशी. वाकलो न्हाई, ते त्यानं लिवलं. पाय धोतरात व्हते, ते त्याला कुठून दिसणार? ते तू लिही."